‘मेट्रोपोलिस’ : २००१ ची डीव्हीडी की २०१० ची ब्लू-रे?

फ्रिट्झ लांगचा १९२७ चा जर्मन मूकपट ‘मेट्रोपोलिस’ घरी हवा हे ठरलं की खरा घोळ सुरू होतो, कारण बाजारात एकाच नावाचे बरेच सिनेमे आहेत. कुठलंही संगीत डकवलेल्या फुकट प्रती सोडूनच द्या. संगीतकार जॉर्जिओ मोरोडरची १९८४ ची, रंगांत बुडवलेली आणि फ्रेडी मर्क्युरीचं गाणं असलेली आवृत्ती गमतीची आहे, पण पहिली खरेदी म्हणून नको. निवड करायची ती जुने जर्मन सिनेमे जपणाऱ्या मुर्नाऊ प्रतिष्ठानच्या दोन जीर्णोद्धारांतून.

२००१ ची प्रत देखणी आहे. पाळी बदलताना माना खाली घालून चालणारे कामगार, ती यंत्रं, सगळं स्वच्छ दिसतं. डीव्हीडीवरचं चित्रपट-इतिहासकार एनो पटालास यांचं भाष्यही आवर्जून ऐकावं असं. पण तोवर चौथ्या हिश्श्याहून अधिक सिनेमा हरवलेला होता आणि त्या जागी येतात पाट्या: इथे अमुक घडतं, तमुक तिकडे जातो. ११८११ क्रमांकाचा कामगार शहराच्या मालकाच्या मुलाचे, फ्रेडरचे, कपडे चढवून मोटारीत बसतो, आता शहर त्याला कसं भुलवतं ते बघायचं, तर पाटी! मूळ संगीतकार हुपर्ट्झचं संगीत वाजत राहतं आणि आपण वाचत बसतो. कीर्तनकाराने ऐन आख्यानात थांबून पोथीची अनुक्रमणिका वाचावी, तसं. एकदा हे खटकलं की दर वेळी खटकतं. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

२०१० च्या प्रतीचं दुखणं वेगळं. २००८ मध्ये ब्युनोस आयर्सच्या चित्रपट संग्रहालयात १६ मिमीची प्रत उजेडात आली आणि सुमारे २५ मिनिटं परत मिळाली. ती प्रत झिजलेल्या ३५ मिमी प्रिंटवरून काढलेली, त्यामुळे ओरखडे चित्रातच छापले गेलेत. ते तुकडे आले की पडद्यावर पाऊस लागतो, चौकटही जराशी आक्रसते. आमच्याकडे बहिणीने विचारलं, केबल सैल झालीय का? नाजूक डोळ्यांच्या माणसाला हा त्रास होऊ शकतो, हे मान्य.

पण त्या पावसाआड काय काय आहे! शास्त्रज्ञ रोटवांगने उभारलेलं हेलचं, म्हणजे त्याला सोडून फ्रेडरच्या वडिलांशी, फ्रेडरसनशी, लग्न केलेल्या प्रेयसीचं स्मारक आणि त्यावरून फ्रेडरसनशी झालेली खडाजंगी प्रत्यक्ष दिसते, तेव्हा तो नुसता माथेफिरू शास्त्रज्ञ उरत नाही.   फ्रिट्झ रास्पने रंगवलेला फ्रेडरसनचा हेर, ‘सडपातळ माणूस’, तर आधी जेमतेम सावलीपुरता होता, इथे त्याची खरी दहशत वाटते. साधूचं प्रवचन, रोटवांग आणि फ्रेडरसनची मारामारी अजून हरवलेलीच आहे, म्हणजे पाट्या पूर्ण गेलेल्या नाहीत. पण तेवढ्या खपून जातात.

अडीच तास एका बैठकीत जमत नसतील, किंवा जुनी डीव्हीडी स्वस्तात मिळत असेल, तर २००१ ची घेतलीत म्हणून काही बिघडत नाही. मी मात्र ती आता भाष्यापुरतीच लावतो. ब्लू-रे मागवताना डिस्कचा विभाग (रीजन कोड) तेवढा तपासा: अमेरिकेचा ए, ब्रिटनचा बी आणि आपला सी. प्लेअर सगळे विभाग चालवणारा नसेल, तर परदेशी डिस्क शोभेची वस्तू होऊन बसेल.