काखेत काय लावावं: डिओ की तुरटी?

नाशिकची हवा थंड असं बाहेरगावचे पाहुणे अजूनही म्हणतात. त्यांनी एप्रिलमध्ये सातपूरला पत्र्याच्या शेडखाली एक शिफ्ट काढावी. मी चार वर्षं डिओ मारला, गेली दोन वर्षं तुरटी फिरवतोय.

घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. काखेतल्या काही ग्रंथी वयात आल्यावर कामाला लागतात. त्यांचा घाम त्वचेवरचे जिवाणू फोडतात आणि वास येतो तो त्यातून. डिओ त्या जिवाणूंना थोडं आवरतो, बाकी भिस्त सुगंधावर. तुरटीला वास नाही. तिच्यामुळे काखेत आम्लता वाढते आणि जिवाणूंना थारा मिळत नाही. घाम थांबवणारे रोल-ऑन निराळे, त्यातले ॲल्युमिनियमचे क्षार घामाची तोंडंच बुजवतात. तेही वापरून पाहिलं. पांढऱ्या शर्टांच्या काखा पिवळ्या पडल्या, सोडून दिलं.

सकाळी डिओसारखं सुख नाही, हे मान्य. माझं बिनसलं ते दुपारी तीनला. सुगंध अर्धा उडालेला, घाम पुरता आलेला, वर पॉलिस्टरचा युनिफॉर्म. सुती कापडापेक्षा तो वास जास्त धरून ठेवतो. मग घामाचाही नाही आणि बाटलीतलाही नाही, असा तिसराच वास सुटायचा. मिसळीवर कच्चा कांदा हाणलेला असला तर विचारूच नका. घरी आलो की बायको म्हणायची, "अहो, नुसता घाम परवडला. हे म्हणजे मोज्यावर अत्तर सांडल्यासारखं येतंय!"

तुरटीचा खडा रविवार कारंज्याकडून आणला. आंघोळीनंतर ओल्या काखेत फिरवायचा, बस. घामाने शर्ट भिजतोच, काखेतले केस नुकते काढलेले असतील तर चरचरतं, आणि आंघोळ टाळून उपयोग नाही. कांदा-लसणाचा वास रक्तातून घामात उतरतो, त्याला दोन्ही सारखेच हतबल. पण तीन वाजता तो तिसरा वास येत नाही. निदान मला तरी. प्रत्येकाच्या काखेतलं गणित वेगळं असेल. एसीत बसून काम करणाऱ्याला डिओ पुरेल बहुतेक.

खडा दोन वर्षांत निम्मासुद्धा झिजला नाही. डिओची बाटली कपाटात आहे अजून. लग्नाला जाताना, दोन तासांपुरती, बरी पडते.