एमबीए मुलाखतीची तयारी: क्लासचे मॉक, मित्रांचा गट की कॉलेजातले जुने सर?

कॅटचा, म्हणजे आयआयएमसारख्या एमबीए संस्थांच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागून मुलाखतीचे कॉल यायला लागले की पाठोपाठ क्लासवाल्यांचे फोन येतात. दहा मॉक म्हणजे सरावाच्या मुलाखती, वॉटच्या (लेखन चाचणीच्या) निबंधांची तपासणी, फॉर्म भरायला मदत, सगळं एका पॅकेजात. घ्यावं का?

आधी जायचं कुठे आहे ते बघा. राज्याच्या सीईटीतून मुंबईच्या जमनालाल बजाजचा एमएमएस (एमबीएसारखाच अभ्यासक्रम) एवढंच लक्ष्य असेल, तर केंद्रीय प्रवेश फेऱ्यांत मुलाखतच नसते. पैसे वाचवा. सिंबायोसिसला स्नॅप या त्यांच्या प्रवेश परीक्षेनंतर मुलाखत आणि लेखन असतं, काही संस्थांत गटातलं कामही. अंधेरीच्या एसपी जैनमध्ये उमेदवारांना गटाने समोर बसवायची पद्धत आहे; तिथे तुमच्या विषयापेक्षा तुमचे निर्णय आणि त्यामागची कारणं जास्त खोदली जातात. आयआयएममध्ये समोर दोन-तीन जण, त्यांत बहुतेक प्राध्यापक, आणि हातात साधारण पंधरा-वीस मिनिटं. नव्या आयआयएमपैकी बऱ्याच संस्था मिळून एकच मुलाखत घेतात, म्हणजे तो एक दिवस बिघडला की अनेक कॉल एकदम हातचे जातात.

क्लासच्या मॉकचा खरा फायदा एकच: समोरचा माणूस अनोळखी असतो. फॉर्मल कपडे, बंद खोली, व्हिडिओ, त्यात दिसणारं स्वतःचं पाय हलवणं. हे घरी जमत नाही. पण पहिल्या एक-दोन मॉकनंतर नवं फारसं हाती लागत नाही. ‘आय कॉन्टॅक्ट कमी पडतो’, ‘उत्तर थोडं आटोपशीर ठेवा’ हेच शेरे फिरून येतात. शिवाय ‘स्वतःबद्दल सांगा’ आणि ‘एमबीए का’ यांची उत्तरं सगळ्या बॅचची एकाच साच्यातली होऊन जातात. ‘मी जरा परफेक्शनिस्ट आहे, तीच माझी कमजोरी’ हे वाक्य पॅनेल सकाळपासून ऐकत असतं.

मित्रांचा गट फुकट आणि रोजचा. मराठी माध्यमातून आलेल्या, मनात भाषांतर करत बोलणाऱ्या मुलामुलींना याचा जेवढा उपयोग होतो तेवढा कशाचाच नाही. रोज अर्धा तास इंग्रजीत वाद घातला की महिनाभरात जीभ सैल होते, आणि उच्चारांची काळजी तेवढी करायचं कारणही उरत नाही. गट मात्र मिसळीचा हवा. हिंजवडीतले चार आयटीवाले एकत्र बसले तर रेपो दर वाढल्यावर रोख्यांच्या किमती का पडतात हे कोणीच कोणाला धड विचारू शकत नाही. एक कॉमर्सची, एक मेकॅनिकलचा, एखादी फार्मसीची असं जमवा. एकमेकांचे फॉर्म वाचून प्रत्येक शब्दावर प्रश्न काढा. छंदात ‘वाचन’ लिहिलंय? मग शेवटचं पुस्तक कोणतं आणि त्यात काय पटलं नाही? जिल्हा जळगाव लिहिलाय? मग केळीचा भाव ठरवताना बऱ्हाणपूरच्या बाजाराकडे का बघतात, आणि जीआय मानांकन मिळाल्याने शेतकऱ्याच्या हाती काय आलं? गटाची खोट एवढीच की मित्र सांभाळून घेतात. ‘कळलं रे तुला काय म्हणायचंय’ असं पॅनेल म्हणत नाही.

नुकतंच आयआयएममध्ये गेलेल्या सिनियरचा तासभर जरूर घ्या, पण फॉर्म भरण्यापूर्वी. कुठला शब्द तुम्हाला अडचणीत आणेल हे त्याला चटकन दिसतं. त्याची उत्तरं मात्र उचलू नका. त्याच्या मुलाखतीत जे चाललं ते त्याच्या नोकरीमुळे आणि त्याच्या मार्कांमुळे चाललं.

आणि ज्यांच्याकडे जवळपास कोणी जात नाही ते म्हणजे आपल्याच कॉलेजातले जुने सर किंवा मॅडम. माझ्या मते फ्रेशरसाठी, म्हणजे नोकरीचा अनुभव नसलेल्यांसाठी, निदान आयआयएमपुरता, हाच सर्वांत जवळचा सराव आहे. पॅनेलवरचे प्राध्यापक जे करतात तेच हे वर्षानुवर्षं व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, करत आलेत: सोप्या व्याख्येपासून सुरुवात, मग ‘असं का?’, मग अजून एक ‘का?’. थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम पाठ असतो. पण फ्रिजचं दार उघडं ठेवलं तर बंद खोली गार होईल का, यावर भले भले अडखळतात. अडखळल्यावर ‘माहीत नाही, पण असा विचार करून बघतो’ म्हणायला इथेच शिकता येतं. आवडीचे तीन विषय सांगा आणि अर्धा तास मागा. बहुतेक शिक्षक आनंदाने देतात. नोकरीत तीन-चार वर्षं झाली असतील तर सरांच्या जागी दुसऱ्या विभागातला एखादा सहकारी बसवा. आपली कंपनी नेमके पैसे कशावर कमावते, हे त्याला समजेल असं सांगता येतं का बघा.

म्हणून फ्रेशर असाल तर सर आणि गट, आणि क्लासचे मोजून दोन सुटे मॉक. एसपी जैन किंवा आयएसबीसाठी (इंडियन स्कूल ऑफ बिझनेस) अनुभवाच्या जोरावर जात असाल तर सिनियर आणि अनोळखी माणसासमोरचे मॉक यांना जास्त वेळ द्या. पूर्ण पॅकेज मी एकाच परिस्थितीत घ्यायला सांगेन: तुमच्या गावात गट जमतच नसेल आणि ऑनलाइनही कोणी सापडत नसेल.

शेवटचा मॉक मुलाखतीच्या तीन-चार दिवस आधीच उरका, म्हणजे चुका दुरुस्त करायला वेळ राहतो. आणि १ फेब्रुवारीचा अर्थसंकल्प मुलाखतींच्या हंगामाच्या तोंडावरच येतो. त्यावर क्लासची तयार टिपणं वाचण्यापेक्षा आपल्या जिल्ह्याच्या मुख्य पिकावर किंवा उद्योगावर त्याचा काय परिणाम होईल, ते स्वतः एका पानात लिहून काढा.