बीड ब्लास्ट, सॅटिन की स्टोनवॉश: दमट हवेत कुठलं पातं घ्यावं

पावसाळ्याच्या तोंडावर कुणी ना कुणी हे विचारतंच, फोल्डिंग चाकू घ्यायचाय, एकच मॉडेल दोन-तीन फिनिशमध्ये (म्हणजे पात्याचा पृष्ठभाग वेगवेगळ्या पद्धतीने घडवलेला) मिळतंय, त्यातलं राखाडी मॅट बीड ब्लास्टवालं जरा स्वस्त आहे आणि दिसतंयही भारी, तर तेच घेऊ का? लातूर-सोलापूरकडे राहत असाल आणि चाकूने फक्त खोकी उघडणार असाल तर घ्या बिनधास्त. पण रत्नागिरी, मालवण, अलिबाग, गोवा, किंवा मुंबईतच पण जुलैत कपाटातल्या चपलांना बुरशी येते अशा घरात राहत असाल तर जरा थांबा.

माझ्याकडे ८सीआर१३एमओव्ही स्टीलचे दोन चाकू होते, एक बीड ब्लास्ट, एक सॅटिन (म्हणजे एका दिशेने घासलेलं पातं). दोन्ही घेऊन खाडीवर गरवायला गेलो, आमिषाची कोळंबी दोन्हींनी कापली, चड्डीला पुसले आणि बॅगेच्या एकाच कप्प्यात टाकून विसरलो (चूक माझीच). दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उघडले तर सॅटिनवाल्याच्या धारेला मुठीजवळ एकच पिवळट डाग, तो खोडरबरने घासल्यावर गेला. बीड ब्लास्टवर बिजागरीच्या भोवती आणि कोरलेल्या लोगोच्या कडेला तिळाएवढे तांबूस ठिपके, दहा-बारा तरी असतील. घासले तर वरचा तांबूस रंग गेला पण खाली काळे टिंब राहिले ते राहिलेच, नखाला लागायचे.

असं का होतं हे ज्याने पाट्याला टाकी लावलेली बघितलीय त्याला लगेच कळेल. ताजी टाकी लावलेल्या पाट्यावर चटणी वाटली की कितीही धुवा, खाचांत काहीतरी राहतंच, आणि घोटलेल्या फरशीवरून तीच चटणी एका फडक्यात निघते. बीड ब्लास्टमध्ये काचेचे बारीक मणी कॉम्प्रेसरच्या हवेने पात्यावर मारतात आणि अख्ख्या पात्यावर डोळ्याला न दिसणारी टाकी लागते. कारखान्याला हे परवडतं कारण ग्राइंडिंगच्या रेघा झाकल्या जातात, हीट ट्रीटमेंटचा काळपटपणा निघतो आणि कारागिराचा हात लागत नाही. पण पृष्ठभाग वाढतो, आणि प्रत्येक खड्डा घामाचं, मिठाचं, लिंबाचं पाणी धरून बसतो. स्टेनलेसचं सगळं संरक्षण म्हणजे क्रोमियम ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा, ओरखडा गेला तर हवेतल्या ऑक्सिजनने तो आपोआप भरून येतो. खाचेत खारं पाणी साचलं की आत ऑक्सिजन नीट पोचत नाही आणि मिठातलं क्लोराइड पापुद्रा फोडतच राहतं, मग गंज वर पसरण्याऐवजी खाली खणत जातो. समुद्राकाठच्या इमारतींना स्टेनलेस लावतानासुद्धा खरखरीतपणा, ज्याला आरए म्हणतात, तो ०.५ मायक्रॉनच्या खाली ठेवायला सांगतात ते याचसाठी, आणि बीड ब्लास्ट सहसा त्याच्या वरच असतं. अजून एक भानगड म्हणजे तेच मणी आधी साध्या लोखंडावर मारलेले असले तर लोखंडाचे कण पात्यात रुतून येतात, म्हणजे सुरुवातीचा गंज पात्याचा नसतोच, उसना असतो.

पण सगळं खापर फिनिशवर फोडू नका, अर्धा खेळ स्टीलचा आहे. १९१३ मध्ये शेफिल्डला हॅरी ब्रेअरलीने जे स्टील ओतलं त्यात १२.८ टक्के क्रोमियम आणि ०.२४ टक्के कार्बन होता. आजच्या ८सीआर१३एमओव्हीत क्रोमियम तेवढंच, साधारण १३ टक्के, पण कार्बन ०.८ च्या आसपास, आणि तो कार्बन थोडं क्रोमियम कार्बाइडमध्ये अडकवून ठेवतो, म्हणजे पापुद्रा बनवायला हातात कमी उरतं. डी२ नावाच्या स्टीलमध्ये तर कार्बन दीड टक्का, म्हणून क्रोमियम १२ टक्के असूनही त्याला कुणी धड स्टेनलेस म्हणत नाही. डी२ आणि वर बीड ब्लास्ट, हे कॉम्बिनेशन कोकणात फुकट मिळालं तरी मी घेणार नाही. याउलट १४सी२८एन या स्टीलमध्ये १४ टक्के क्रोमियम, कार्बन ०.६२ आणि थोडा नायट्रोजन, ते बीड ब्लास्टमध्येही बऱ्यापैकी निभावून नेतं. आणि एलसी२००एन किंवा एच१ असेल तर फिनिशचा विचारच करू नका, ही खास खाऱ्या पाण्यासाठी वापरली जाणारी स्टील्स आहेत, आवडेल तो रंग घ्या.

आता बाकीचे फिनिश. सॅटिन म्हणजे पट्ट्यावर किंवा हाताने घासून काढलेल्या एका दिशेच्या रेघा, पाणी टिकत नाही, पुसायला सोपं, फक्त ओरखडे दिसतात आणि पहिला ओरखडा बघून जीव हळहळतो. स्वस्त चाकूवरचं जाडंभरडं सॅटिन मात्र नुसतं नावालाच सॅटिन असतं, रेघा इतक्या खोल की त्यातही पाणी बसतं. मिरर पॉलिश गंजाला सगळ्यात भारी, पण बोटांचे ठसे पुसत बसायची हौस पाहिजे. स्टोनवॉशमध्ये पातं सिरॅमिकच्या खड्यांबरोबर ड्रममध्ये घुसळतात, वरची टोकं बोथट होऊन पृष्ठभाग दबतो, नवे ओरखडे जुन्यांत मिसळून जातात. गंजात सॅटिनच्या किंचित मागे आणि बीड ब्लास्टच्या बरंच पुढे, म्हणून रोजच्या वापराला माझं मत स्टोनवॉशलाच. काळं कोटिंग, त्यातही डीएलसी (हिऱ्यासारख्या कडक कार्बनचा पातळ थर), झाकतं तिथे चांगलं झाकतं, पण धार उघडीच असते आणि गंज तिथूनच सुरू होतो.

बीड ब्लास्टच्या बाजूने एक गोष्ट खरी, तेलही त्या खाचांत तसंच टिकतं. मेडिकलमध्ये मिळणारं लिक्विड पॅराफिन चार थेंब कापडावर घेऊन आठवड्यातून एकदा फिरवलंत तर तक्रारीला जागा राहत नाही. ज्यांना हे करायला आवडतं त्यांनी घ्यावं, मला दोन आठवड्यांनी कंटाळा येतो.

बीड ब्लास्ट घेऊन बसला असाल तर फेकू नका. मी माझ्या बीड ब्लास्टवाल्या पात्यावर एका रविवारी वॉटर पेपर चालवला, सपाट लाकडाच्या ठोकळ्यावर ४०० नंबर, मग ६००, मग ८००, तेल लावून एकाच दिशेने, धारेवर आधी टेप चिकटवून. अडीच तास गेले, लोगो निम्मा पुसला गेला, काळे टिंब दोन सोडून सगळे निघाले. दिसायला काही ग्रेट नाही, पण पुढचा पावसाळा त्याने कोरडा काढला.

ऑनलाइन घेताना नुसतं 'मॅट' लिहिलेलं असेल तर त्यावर जाऊ नका, उन्हात काढलेला जवळचा फोटो मागा. सरळ रेघा दिसल्या की सॅटिन, उलटसुलट बारीक चरे म्हणजे स्टोनवॉश, आणि पीठ भुरभुरल्यासारखं एकसारखं राखाडी, कुठेही चमक नाही, असं असेल तर ते बीड ब्लास्ट.