लघवीच्या कल्चरसाठी आमच्या भागातील लॅब : पाचपैकी साडेतीन तारे

सासूबाईंना चैत्रात उन्हाळी लागली, तेव्हा ती उष्णतेची म्हणून आम्ही दोन दिवस धण्या-जिऱ्याच्या पाण्यावर काढले. नंतर डॉक्टरांनी सेफिक्झिम या अँटिबायोटिकचा पाच दिवसांचा कोर्स दिला. तिसऱ्या दिवशी जळजळ थांबली आणि कोर्स संपून दोन दिवस होतात न होतात तोच पुन्हा सुरू झाली. दुसरा कोर्स ऑफ्लॉक्सासिनचा झाला, त्याचाही धड गुण येईना. एकाहत्तर वर्षांच्या बाईने रात्रीतून पाच-सहा वेळा भिंत धरत न्हाणीघरात जायचे, आणि सकाळी आम्ही विचारले की संकोचाने ‘बरं आहे’ म्हणायचे, असे पंधरा दिवस चालले. औषध लागू पडते आहे की नुसतेच पोटात जाते आहे, हे आम्हाला कळत नव्हते. शेवटी डॉक्टरांनी तिसरे औषध लिहिण्याआधी लघवीचे कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून त्यांच्यावर कोणते औषध चालते ते पाहणारी तपासणी, करण्यास सांगितले. त्यासाठी आम्ही पुण्यातील आमच्या घराजवळच्या या लॅबमध्ये गेलो.

पहिली गोष्ट कौतुकाची. नाव नोंदवतानाच काउंटरवरील मुलीने ‘अँटिबायोटिकची शेवटची गोळी कधी घेतली?’ असे विचारले. आदल्या रात्री, असे मी सांगताच तिने नमुना घेण्यापूर्वी डॉक्टरांना फोन करण्यास सुचवले, कारण औषध अंगात असताना दिलेल्या नमुन्यात जंतू असूनही न वाढण्याची शक्यता असते आणि मग रिपोर्ट खोटाच निर्धास्त करतो. ताप नव्हता, पाठीत कळही नव्हती, म्हणून डॉक्टरांनी गोळ्या थांबवून तीन दिवसांनी नमुना देण्यास सांगितले.

नाराजी आहे ती घरून नमुना नेण्याच्या सोयीबद्दल. लॅबचा मुलगा सकाळी साडेसातला आला, बाटली पाठीवरच्या साध्या पिशवीत टाकून आणखी चार घरे फिरला आणि अकराच्या सुमारास लॅबमध्ये पोहोचला. अशी लघवी दोन तासांच्या आत तपासणीला लागावी लागते, नाहीतर थंड ठेवावी लागते. एप्रिलच्या उन्हात तीन-साडेतीन तास हिंडलेल्या बाटलीचे जे व्हायचे तेच झाले. रिपोर्ट आला : मिश्र जंतू, नमुना दूषित असण्याची शक्यता, पुन्हा द्यावा. दुसऱ्या वेळचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, पण सासूबाईंचे आणखी दोन दिवस त्या जळजळीत गेले, त्याची भरपाई कोण करणार?

दुसरा नमुना आम्ही लॅबमध्येच जाऊन दिला. तेथील स्वच्छतागृहात धरायला दांडी आहे, ही वयस्कर माणसांसाठी मोठी सोय. एका मावशींनी सासूबाईंना बाजूला घेऊन आधी जागा धुवायची, सुरुवातीची धार सोडून मधली धार बाटलीत घ्यायची, झाकणाला आतून बोट लावायचे नाही, हे इतक्या मोकळेपणाने समजावले, की घरी आमच्याशी या विषयावर न बोलणाऱ्या सासूबाईंनी त्यांना दोन शंकासुद्धा विचारल्या.

रिपोर्ट ठरल्याप्रमाणे अठ्ठेचाळीस तासांनी आला, पण शनिवारी रात्री साडेनऊला आणि नुसता व्हॉट्सॲपवर. ई. कोलाय नावाचे जंतू, दर मिलिलिटरला एक लाखाहून अधिक. खाली औषधांची यादी आणि त्यांतील सात नावांपुढे लाल ठळक ‘आर’. आमच्या मुलाने ते वाचून ‘आजीला सात औषधं चालत नाहीत’ असे जाहीर केले आणि रविवार आम्ही धास्तीत काढला. खरे तर ‘आर’ म्हणजे हा जंतू त्या औषधाला दाद देत नाही. त्याच यादीत नायट्रोफ्युरँटॉइन, फॉस्फोमायसिन आणि अमिकासिन यांच्यापुढे ‘एस’ होता, म्हणजे हा जंतू त्यांना बधतो. पण हे सांगणाऱ्या दोन मराठी ओळी रिपोर्टखाली छापाव्यात, एवढे या लॅबला अजून सुचलेले नाही.

सोमवारी तेथील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाईंनी मात्र दहा मिनिटे दिली आणि प्लेटचा फोटो दाखवला. जंतूंच्या धुरकट थरावर औषधात भिजवलेल्या कागदाच्या टिकल्या होत्या. नायट्रोफ्युरँटॉइनच्या टिकलीभोवती स्वच्छ कडे पडले होते. सेफिक्झिमच्या टिकलीला जंतू अगदी चिकटून वाढले होते. पंधरा दिवसांच्या आमच्या प्रश्नाचे उत्तर त्या एका फोटोत होते.

मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते सांगणारे रक्तातले क्रिएटिनिन पाहून डॉक्टरांनी नायट्रोफ्युरँटॉइन जेवणानंतर दिवसातून दोनदा, पाच दिवस दिले. लघवी तपकिरी-पिवळी झाली तेव्हा पुन्हा धसका बसला, पण तो औषधाचाच रंग निघाला. तिसऱ्या रात्री सासूबाई एकदाच उठल्या.

कोर्स संपल्यावर खात्रीसाठी पुन्हा कल्चर करावे, म्हणून मी लॅबमधून बाटली घेऊन ठेवली होती. त्रास नसेल तर त्याची गरज नसते, डॉक्टरांना विचारून मगच या, असे त्या बाईंनीच सांगितले, आणि डॉक्टरही तेच म्हणाले. बाटली अजून वेष्टनातच, फ्रीजवर पडून आहे.