शुगर दाखवणारं स्मार्टवॉच घेताय? आधी हे वाचा

फेसबुकवर ती जाहिरात तुम्हालाही दिसली असेल, एकाच घड्याळात कॉलिंग, सिमकार्ड, कॅमेरा, बीपी, ईसीजी आणि वर सुई न टोचता शुगर, फक्त १९९९ रुपये, कॅश ऑन डिलिव्हरी. आमच्या बाबांनी मागवलं. डायबेटिस आहे, बोट टोचून टोचून वैतागलेत, त्यात जाहिरातीत पांढरा कोट घातलेला माणूस छातीठोकपणे सांगत होता. पार्सलवाल्याने पैसे घेतल्याशिवाय खोकं उघडू दिलं नाही. आत बघतो तर कॅमेऱ्याच्या जागी नुसता काळा ठिपका आणि सिम घालायला जागाच नाही.

ते एकवेळ सोडा. पण शुगर कायम ९८ ते ११०, उपाशीपोटी तेवढीच आणि आमरस ओरपल्यावर पण तेवढीच! बाबा खूश, गोळी अर्धी करायच्या गोष्टी सुरू झाल्या. मला काय ते पटेना, म्हणून ओट्यावर दुधी होता त्याला पट्टा बांधला. हिरवा लाइट लुकलुकला आणि दुधीचं बीपी आलं ११८/७६, शुगर १०४. मग बाबांची ग्लुकोमीटरवर बघितली, २६३. डॉक्टरांनी डोस उलट वाढवलाय.

तो हिरवा लाइट मनगटातल्या रक्तावरून किती उजेड परत येतो ते बघतो, त्यावरून ठोके कळतात, शुगर नाही. अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्येच सांगितलंय की कातडी न टोचता स्वतः शुगर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांची परवानगी नाही. दंडावर सीजीएम सेन्सर, म्हणजे दिवसरात्र शुगर मोजत राहणारा सेन्सर, लावून त्याचं रीडिंग घड्याळात बघतात ते वेगळं, त्याची बारीक तार कातडीखाली असते.

परत करायला फोन केला तर म्हणे रिफंड पाठवतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाका. अरे, पैसे घ्यायला पिन कशाला लागतो? तिथेच फोन ठेवला. साइटवर ना पत्ता ना तक्रार अधिकाऱ्याचं नाव, खरंतर दोन्ही देणं ई-कॉमर्सच्या नियमांत सक्तीचं आहे. खोक्यावर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, इंग्रजी R पासून सुरू होणारा नोंदणी नंबर पण नाही, तुमच्याकडच्या घड्याळावर असेल तर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघा, खरा की खोटा लगेच कळतं. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार टाकलीय. पिन टाकून कुणाचे पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० लावा, तो सायबरवाल्यांचा नंबर आहे. आमचे पैसे अजून तरी आलेले नाहीत.