कार्यालय बंद करण्यापूर्वीचे समानता मूल्यांकन : आधी तक्ते की आधी माणसे?

कार्यालय बंद करण्याचा प्रस्ताव येतो आणि त्याचे समानता परिणाम मूल्यांकन, म्हणजे स्त्रिया, अपंग, अल्पसंख्य अशा गटांवर त्या निर्णयाचा वेगळा भार पडेल का याची तपासणी, आपल्याकडे सोपवले जाते, तेव्हा कामाला कुठून हात घालायचा हे आधी ठरवावे लागते. ब्रिटनमधील सरकारी सेवेत मी हे काम दोन्ही प्रकारे केले आहे. एका पद्धतीत मनुष्यबळ विभागाच्या नोंदी, जनगणनेचे आकडे आणि प्रवासाचे नकाशे यांवरून तक्ते तयार होतात आणि माणसांशी बोलणे मसुदा झाल्यावर होते. दुसरीत कर्मचाऱ्यांशी आणि त्या कार्यालयात कामासाठी येणाऱ्या लोकांशी आधी बोलायचे आणि त्यातून जे प्रश्न निघतील त्यांच्यासाठी आकडे मागवायचे. कागदोपत्री दोन्ही गोष्टी दोन्हीकडे असतात, परंतु जी आधी होते तीच पुढच्या सगळ्या कामाला वळण लावते.

कायद्याला दोन्ही पद्धती चालतात. २०१० च्या समानता कायद्याचे कलम १४९ समानतेचा यथायोग्य विचार व्हावा असे सांगते. ठरावीक नमुन्यातला अहवाल मात्र ते मागत नाही. पोस्ट ऑफिसे बंद करण्याच्या कार्यक्रमावरूनच उभ्या राहिलेल्या २००८ च्या ब्राउन खटल्यात उच्च न्यायालयाने जी तत्त्वे मांडली, त्यांत हा विचार निर्णयाआधी, मोकळ्या मनाने आणि काटेकोरपणे व्हावा, नुसत्या चौकटीत खुणा करून नव्हे, हे स्पष्ट आहे.

तक्त्यांच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. करखात्याने २०१५ मध्ये सुमारे १७० कार्यालयांच्या जागी १३ प्रादेशिक केंद्रे आणण्याची योजना जाहीर केली होती. एवढ्या व्यापात सगळ्या जागांना एकच मोजपट्टी लावल्याशिवाय न्याय होणे कठीण असते. तक्ते लवकर होतात, दोन कार्यालयांची तुलना करू देतात आणि पुढे कोणी आव्हान दिले तर दाखवायला हाताशी असतात. हे सगळे मला मान्य आहे.

माझे मन फिरले ते तक्त्यातल्या तारांकनामुळे. कर्मचाऱ्यांची ओळख उघड होऊ नये म्हणून लहान संख्या तारांकनाने झाकण्याचा नियम असतो आणि तो योग्यच आहे. परंतु बंद होणारी कार्यालये बहुधा लहान असतात. तिथे अपंगत्वाच्या रकान्यात तारांकन, गरोदरपणाच्या रकान्यात तारांकन, अल्पसंख्य धर्मांच्या रकान्यांत तारांकने, शिवाय ‘सांगू इच्छित नाही’ म्हणणाऱ्यांची आणि कोऱ्या नोंदींची मोठी ओळ. ज्यांच्यासाठी हे मूल्यांकन करायचे तेच लोक तक्त्यात दिसत नाहीत आणि त्या तक्त्याखाली ‘विषम परिणाम आढळला नाही’ असे वाक्य सहज लिहिले जाते. मी पाहिलेल्या एका मसुद्यात प्रत्येक महत्त्वाच्या रकान्यात तारांकन होते आणि निष्कर्ष तरीही ठाम होता. याचा त्रास मला आजही होतो.

ज्या संख्या झाकलेल्या नसतात, त्याही नेमके उत्तर देतातच असे नाही. समजा, बंद होणाऱ्या कार्यालयातील स्त्रियांचे प्रमाण आणि संपूर्ण खात्यातील प्रमाण सारखेच आहे. तक्ता म्हणेल की स्त्रियांवर वेगळा भार पडत नाही. परंतु नव्या जागेसाठी रोज दीड तास जास्त प्रवास करावा लागला, तर तो दीड तास पूर्णवेळ कर्मचाऱ्यालाही तेवढाच आणि चार तासांच्या पाळीवर येणाऱ्यालाही तेवढाच. भाडे तेच, पगार मात्र निम्मा. ब्रिटनमध्ये अर्धवेळ काम करणाऱ्यांत स्त्रिया बहुसंख्य आहेत. ही गोष्ट मला कुठल्याही रकान्याने सांगितली नाही. मुलाला शाळेत सोडून साडेनऊला कामावर पोहोचणाऱ्या एका सहकारी बाईंनी ती हिशेब मांडून दाखवली, आणि मग पाळीच्या तासांनुसार आकडे काढायला हवेत हे सुचले. आजारी आईवडिलांची काळजी घेणाऱ्यांचेही असेच होते. उत्तर आयर्लंडमध्ये १९९८ च्या कायद्याच्या कलम ७५ मध्ये अवलंबित माणसे असणे-नसणे हा स्वतंत्र निकष आहे. ग्रेट ब्रिटनच्या कायद्यात ज्यांवरून भेदभाव करता येत नाही अशा नऊ संरक्षित वैशिष्ट्यांत (वय, लिंग, अपंगत्व इत्यादी) तो नाही, त्यामुळे तक्त्यात त्याला रकानाच नसतो.

प्रवासाच्या नकाशांबद्दलही मला असेच वाटते. २०१७ मध्ये रोजगार केंद्रे बंद करण्याचे प्रस्ताव आले, तेव्हा नवे केंद्र ३ मैलांहून किंवा सार्वजनिक वाहनाने २० मिनिटांहून दूर असेल तिथे सार्वजनिक सल्लामसलत घ्यायची, असा निकष होता. निकष असणे चांगलेच. परंतु दृष्टी अधू असलेल्या माझ्या एका सहकाऱ्याला बसमधल्या मिनिटांची चिंता नव्हती. बस बदलायच्या थांब्यावर तीन वेगवेगळ्या फलाटांवरून गाड्या सुटत आणि कोणती गाडी आली याची घोषणा होत नसे. तिथे रोज अनोळखी माणसाला विचारत उभे राहायचे, हा त्यांचा प्रश्न होता. चाकांच्या खुर्चीवरून येणाऱ्यांना बसमध्ये बहुधा एकच जागा असते आणि ती भरलेली असली तर पुढच्या गाडीची वाट पाहावी लागते. नकाशात ही वाट पाहण्याची वेळ धरलेली नसते.

कार्यालयात येणाऱ्या नागरिकांच्या बाबतीत मात्र मी थोडा सावध आहे. खिडकीवर भेटलेल्यांशीच बोललो, तर जे आधीच यायचे बंद झाले आहेत ते सुटतात. तिथे जनगणनेचे आकडे खरोखर उपयोगी पडतात. तरीही, फोनवरून काम करा असे सांगितल्यावर कोण अडते हे खिडकीवरच कळते. ज्या कर्णबधिर व्यक्तींची पहिली भाषा ब्रिटिश सांकेतिक भाषा आहे, त्यांना इंग्रजी पत्रव्यवहार हा आपोआप सोपा पर्याय ठरत नाही.

आधी बोलण्याच्या पद्धतीतही उणिवा आहेत आणि त्या लहान नाहीत. वेळ जास्त लागतो. जे मोकळेपणाने बोलतात त्यांचे म्हणणे ठळक होते, गप्प राहणाऱ्यांचे मागे पडते. आपल्या अडचणी सांगितल्या तर नव्या जागेसाठी आपला विचार होणार नाही, अशी भीती अनेकांना असते आणि समोर थेट वरिष्ठ बसले असतील तर ती रास्तही असते. म्हणून संभाषण कर्मचाऱ्याच्या वरिष्ठांच्या साखळीबाहेरच्या माणसाने घ्यावे, हवे असल्यास युनियनच्या प्रतिनिधीला सोबत बसू द्यावे आणि टिपण त्या व्यक्तीला दाखवल्याशिवाय पुढे पाठवू नये. एवढी काळजी घेणे शक्य नसेल, तर तक्त्यांपासून सुरुवात करणे अधिक प्रामाणिक ठरेल, असे मी म्हणेन. डझनभर कार्यालयांपैकी कोणती ठेवायची हे अजून ठरायचे असेल, तेव्हाही आधी तक्तेच लागतील.

परंतु एकाच कार्यालयाचा प्रश्न असेल आणि निर्णय खरोखर बाकी असेल, तर मी पुन्हा बोलण्यापासूनच सुरुवात करीन. तक्ते त्यानंतर मागवताना पाळीचे तास, प्रवासातले बदल आणि काळजी घेण्याची जबाबदारी यांचे रकाने मुद्दाम मागावेत, आणि जिथे तारांकन येईल तिथे ‘परिणाम नाही’ असे न लिहिता, संबंधितांच्या संमतीने, संभाषणातून जे कळले ते निर्णय घेणाऱ्यांपुढे ठेवावे.