ओव्हनचा ‘गेलेला’ सेन्सर आणि माझे बारा हजार

नानकटाई मधोमध कच्ची राहिली तेव्हा मी आधी तुपाला दोष दिला. दुसरा ट्रे बिघडला तेव्हा मैद्याला. तिसऱ्या दिवशी केकमधून काडी ओलीच बाहेर आली, आणि मग ओव्हनकडे लक्ष गेलं. दोनदा तर डिस्प्लेवर कसलासा कोड येऊन तो मधेच बंद पडला होता.

मी डोंबिवलीत घरून ऑर्डर घेते. ओव्हन ओट्याखाली बसवलेला, इलेक्ट्रिक, सात वर्षांचा. दिवाळी दोन आठवड्यांवर होती आणि बावीस किलो नानकटाई कबूल केलेली. अशा वेळी माणूस डोकं बाजूला ठेवून फोन करतो. मीही तेच केलं. कंपनीचं नाव आणि पुढे ‘कस्टमर केअर डोंबिवली’ असं टाकून इंटरनेटवर जो पहिला नंबर दिसला तो लावला. वॉरंटी कार्ड ड्रॉवरमध्येच होतं, त्यावर खरा नंबर छापलेला होता. उठून ड्रॉवर उघडायचा कंटाळा मला बारा हजारांना पडला.

संध्याकाळी एक मुलगा आला. टी-शर्टवर कंपनीचा लोगो, हातात बॅग, बोलणं अतिशय गोड. ‘व्हिजिट चार्ज ४९९, मॅडम.’ ओव्हन बाहेर ओढला, आतल्या मागच्या भिंतीवरचे दोन स्क्रू काढून बोटभर लांबीची धातूची कांडी ओढून काढली आणि माझ्या डोळ्यांपुढे धरली. ‘बघा, पूर्ण काळा पडलाय. सेन्सर गेलाय. आणि सेन्सर गेला की बोर्डपण उडतो.’ कांडी खरंच काळपट होती. सात वर्षं दोनशे डिग्रीत राहिलेली कुठलीही कांडी काळपटच असणार, हे तेव्हा सुचलं नाही. बोर्ड, म्हणजे ओव्हनचं तापमान सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट, ‘वर्कशॉपला चेक करायला’ घेऊन गेला, दोन दिवसांनी ‘नवीन’ घेऊन आला. सेन्सर २,४००, बोर्ड ९,५००. व्हिजिट धरून १२,३९९. पैसे यूपीआयने, कुणाच्या तरी वैयक्तिक नावावर. बिल म्हणजे वहीचा कागद, त्यावर शिक्का, जीएसटी नंबर नाही. जुने पार्ट मागितले तर म्हणाला, ‘ते कंपनीत जमा करावे लागतात.’

दुसऱ्या दिवशी नानकटाई पुन्हा कच्ची. फोन केला तर काय म्हणावं! ‘नवीन सेन्सर आहे मॅडम, सेट व्हायला वेळ लागतो. तोपर्यंत तीस-पस्तीस डिग्री वाढवून लावा.’ मी लावलेसुद्धा. दोन दिवस २०५ वर नानकटाई भाजली आणि ती छान झाली, म्हणून गप्प बसले. ही माझी दुसरी चूक, आणि मला पहिलीपेक्षा हिची जास्त लाज वाटते.

आमच्या मजल्यावरचे एक काका एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंट विभागात होते, आता निवृत्त आहेत. नानकटाईचा डबा द्यायला गेले आणि सहज हा किस्सा सांगितला. त्यांनी एकच विचारलं, ‘अगं, त्याने मीटर लावला का?’ नव्हता लावला. एकदाही नाही. दोन्ही खेपांना त्याच्या बॅगेतून फक्त स्क्रूड्रायव्हर आणि पक्कड निघाली होती.

काका मल्टिमीटर घेऊनच आले. आधी मात्र त्यांनी माझ्याकडून ओव्हनमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर मागवला, साडेतीनशे रुपयांचा. तो मधल्या जाळीवर टांगला, १७० लावले. ओव्हन एका आकड्यावर स्थिर राहत नाही, हीटर चालू-बंद होत तापमान वर-खाली होतं. म्हणून पहिल्या ‘टिंग’वर विश्वास न ठेवता अर्धा तास थांबून सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा लिहायचा आणि मधला धरायचा. मधला आला १३५.

मग एमसीबी पाडला, ओव्हन थंड होऊ दिला आणि काकांची शिकवणी सुरू झाली. माझ्या ओव्हनमधला सेन्सर प्लॅटिनमचा, पीटी-१००० जातीचा. शून्य डिग्रीला त्याचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, बरोबर १००० ओहम, आणि तापमान वाढेल तसा तो डिग्रीमागे साधारण पावणेचार ते चार ओहमने वाढतो. बोर्ड तापमान बघतच नाही, तो फक्त हे ओहम मोजतो. काका म्हणाले, ‘आमच्या प्लांटमधल्या पीटी-१०० चा, म्हणजे शून्याला शंभर ओहमवाल्याचा, हा थोरला भाऊ.’ स्वयंपाकघरात त्या दिवशी २८ डिग्री होतं, म्हणजे मीटरवर ११०९ च्या आसपास दिसायला हवं. सेन्सर सोडवून थेट त्याच्या टोकांना मीटर लावला: ११०८. कांडीचं टोक बर्फाच्या पाण्यात बुडवलं, हजाराला दोन-तीन ओहम जास्त. उकळत्या पाण्यात १३८५ च्या जवळ. (महाबळेश्वरला हा प्रयोग केलात तर पाणी शंभराच्या आधीच उकळतं, आकडा कमी येईल, अशी पुस्तीही मिळाली.) सेन्सरचं एक टोक आणि कांडीचं धातूचं अंग यांच्यामध्ये मीटरने काहीच दाखवलं नाही. तेही बरोबर, तिथे जोड असता कामा नये.

सेन्सर ठणठणीत होता. आणि तो नवीन नव्हताच. टोक तारेच्या घासणीने चकचकीत केलेलं, पण स्क्रूखालच्या पट्टीवर सात वर्षांचं तेलकट पिवळं तसंच.

मग तीच मोजणी बोर्डाच्या बाजूने, वायरच्या दुसऱ्या टोकाला. १२४०. वायर हलवली की १२२०, १२६०, मधेच काहीच नाही. ओव्हनच्या मागच्या बाजूला सेन्सरची वायर जिथे प्लगने जोडलेली असते, तिथली पिन काळीहिरवी पडून सैल झाली होती. त्या खराब जोडाचे सव्वाशे-दीडशे ओहम बोर्ड तापमान समजून मोजत होता. त्याला वाटे १७० झाले, तेव्हा आत १३५ असत. काकांनी कागदावर गणित मांडून दाखवलं, थर्मामीटरच्या आकड्याशी जुळलं. वायर पूर्ण सुटली की तो कोड. पस्तीस डिग्री वाढवून लावा, हा त्या पोराचा सल्ला म्हणजे दुखणं त्याला नीट माहीत होतं की नशिबाने आकडा जमला, देव जाणे.

प्लग कापून चिनी मातीचा छोटा कनेक्टर बसवला, वर उष्णता सोसणारं फायबरग्लासचं स्लीव्ह. सगळे मिळून ९० रुपये. थर्मामीटर आता १६८.

बोर्डाचं बिंग माझ्या मुलामुळे फुटलं. तो पोरगा बोर्ड काढत होता तेव्हा याने हौसेने फोटो काढला होता. फोटोतल्या स्टिकरवरचा नंबर आणि ‘नवीन’ बोर्डावरचा नंबर एकच. बोर्ड फक्त दोन दिवस कुठेतरी फिरून आला होता.

तुमच्याकडे ओटीजी, म्हणजे ओट्यावर ठेवायचा छोटा ओव्हन असेल तर हे ओहम लागू नाहीत. बहुतेक ओटीजींत नॉबमागे साधा यांत्रिक थर्मोस्टॅट असतो, तो नुसता चालू-बंद करतो. काही ओव्हनांमध्ये थर्मिस्टर असतो, त्याचा रोध तापमान वाढलं की उलट कमी होतो, म्हणून आपल्या मॉडेलचा आकडा आधी बघा. आणि मायक्रोवेव्ह, कन्व्हेक्शनवालासुद्धा, घरी अजिबात उघडू नका. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये विजेचा जीवघेणा दाब राहू शकतो.

पैशांचं म्हणाल तर दोन्ही स्टिकरचे फोटो त्याला व्हॉट्सअॅपवर पाठवले. तासाभरात ४,००० परत आले, ‘मॅडम गलतफहमी झाली’ असा मेसेज आला आणि मी ब्लॉक झाले. वॉरंटी कार्डवरच्या नंबरावर कंपनीने सांगितलं की असा कुणी त्यांचा माणूस नाही. ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ ला फोन केला. त्यांनी समोरच्या पार्टीचं नाव-पत्ता विचारला. माझ्याकडे एक शिक्का आणि एक यूपीआय आयडी. मग सायबर तक्रारीसाठी १९३० ला नोंद केली, पोलीस ठाण्यात अर्ज दिला, सोबत बिलाचा कागद, व्यवहाराचा स्क्रीनशॉट आणि दोन्ही फोटो. अर्जाची पोच आहे, त्यापुढे अजून काही नाही.

तो नंबर मी अधूनमधून शोधून बघते. गेल्या आठवड्यात तो एका वॉशिंग मशीनच्या कंपनीचा ‘अधिकृत सर्व्हिस सेंटर’ म्हणून दिसला, व्हिजिट चार्ज तोच, ४९९.